दोन्ही चाकं एकदम फिरली पाहिजेत: जुन्या मसल कारसाठी डिफरन्शियल कुठलं घ्यावं?

 

आजचा प्रश्न मिशिगनहून आलाय. तिथे नोकरी करणाऱ्या आपल्या एका श्रोत्याने १९६९ ची शेव्हरले शेव्हेल एसएस ३९६ घेतली आहे. चार गिअरचा मॅन्युअल बॉक्स, इंजिनवर बरंच काम केलेलं. तो लिहितो, "दादा, क्लच सोडला की उजवं चाक जागेवर फिरतं, धूर निघतो, गाडी मात्र हलत नाही. दर ऑगस्टला वुडवर्ड ड्रीम क्रूझला मुलीला शेजारी बसवून जायचंय आणि वर्षातून एक-दोनदा ड्रॅग स्ट्रिपवरही. पैसे एकदाच खर्च करू शकतो. तुटणार नाही असं कुठलं घेऊ?"

आपल्याकडे ज्यांनी शेतात ट्रॅक्टर चालवलाय त्यांना हे लगेच कळेल. एक चाक चिखलात गेलं की ते गरागरा फिरतं, दुसरं कोरड्यावर असून गप्प उभं राहतं. मग टाचेने डिफ लॉकचं पेडल दाबायचं. साधं, म्हणजे ओपन डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतं. घसरणाऱ्या चाकाला जेवढा टॉर्क पेलतो, तेवढाच दुसऱ्याला मिळतो, त्याहून जास्त नाही. म्हणून चांगली पकड असलेलं चाक उपाशी राहतं. लिमिटेड-स्लिप ही उपासमार कमी करतं, आणि वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरूही देतं. जनरल मोटर्सने याला पॉझिट्रॅक्शन म्हटलं, क्रायस्लरने शुअर-ग्रिप. 'माय कझिन व्हिनी' हा १९९२ चा सिनेमा पाहिलाय का? त्यातला कोर्टातला अख्खा निकाल टायरच्या दोन सारख्या खुणा आणि पॉझिट्रॅक्शनवर फिरतो. मारिसा टोमेईला त्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं. जरूर बघा.

आता मुद्द्याचं. खरेदीआधी गाडीखाली जा आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या झाकणाचे बोल्ट मोजा. एसएस ३९६ ला बारा-बोल्टचा अ‍ॅक्सल यायचा, रिंग गिअर ८.८७५ इंचांचा. पण पन्नास-पंचावन्न वर्षांत कोणी काय बदललंय, देव जाणे. खाली ८.२ इंची दहा-बोल्टचा निघाला, तर त्यात महागडं युनिट टाकू नका. पिकअप ट्रकचाही बारा-बोल्ट असतो, पण त्याचे गिअर कारच्या अ‍ॅक्सलला बसत नाहीत. स्वस्तात मिळालं म्हणून उचलू नका.

दुसरी भानगड गिअर रेशोची. बारा-बोल्टमध्ये ३.७३ पर्यंतच्या रेशोला एक कॅरियर लागतो, ४.१० आणि त्यापुढे वेगळा. आज ३.३१ साठी युनिट घेतलं आणि पुढच्या वर्षी ४.१० टाकावंसं वाटलं, तर जाड रिंग गिअर शोधावा लागेल किंवा युनिटच पुन्हा घ्यावं लागेल. आधी रेशो ठरवा, मग युनिट.

आता प्रकार. क्लचवालं, म्हणजे मूळ पॉझिट्रॅक्शनसारखं. आत स्प्रिंगच्या दाबाखाली क्लच प्लेट असतात. हे सगळ्यांच्या ओळखीचं, ड्रॅगच्या धक्क्यालाही बरं. प्लेट झिजतात, पण बदलता येतात. तेलात फ्रिक्शन मॉडिफायर घालावाच लागतो, नाहीतर पार्किंगमध्ये वळताना मागून कुरकुर ऐकू येते. शंकूवालंही येतं. ते झिजलं की बहुधा अख्खं युनिट काढावं लागतं, म्हणून मी ते सुचवत नाही.

मग लॉकर. डेट्रॉइट लॉकर हे नाव तुम्ही ऐकलं असेल. ताकदीला तोड नाही. पण रस्त्यावर त्याचा स्वभाव वेगळा. वळताना बाहेरचं चाक सुटतं तेव्हा कट-कट आवाज येतो, आणि वळणाच्या मध्येच अ‍ॅक्सलरेटर दाबला तर धाडकन लॉक होतं. पावसात, शेजारी पोरगी बसलेली असताना, मागची बाजू अशी अचानक सरकायला नको. वुडवर्डवर गर्दीत मुंगीच्या पावलाने चालताना लोक वळून बघतील ते वेगळंच.

तिसरा प्रकार ईटनचं ट्रूट्रॅक. यात क्लच नाहीत, तिरप्या दातांचे गिअर आहेत. टॉर्क आला की ते गिअर आपल्या खोबणीच्या भिंतीवर दाबले जातात आणि त्या घर्षणातून पकड मिळते. शांत चालतं, क्लच नसल्याने तसली झीज नाही, मॉडिफायर नको, साधं खनिज जीएल-५ तेल पुरतं. कमतरता एकच. हे कमी पकडीच्या चाकावरच्या टॉर्कला काही पटीने गुणतं. ते चाक हवेत गेलं तर शून्याला कितीनेही गुणा, शून्यच. तेव्हा ब्रेक हलका दाबला की थोडा विरोध मिळतो आणि काम चालतं.

श्रोत्यासाठी माझं मत ट्रूट्रॅक. रस्त्याचेच टायर, वर्षातून दोन वेळा स्ट्रिप, बाकी फिरणं. स्लिक टायर लावून दर शनिवारी जाणार असतास, तर लॉकर म्हटलं असतं.

पण 'तुटणार नाही' हा शब्द मला खटकतो. युनिट मजबूत झालं की धक्का पुढच्या कमजोर जागी जातो. बारा-बोल्टमध्ये अ‍ॅक्सल शाफ्टला आतल्या टोकाला सी-क्लिप धरून ठेवते. शाफ्ट मोडला तर त्याला अडवणारं काही राहत नाही, चाक शाफ्टसकट बाहेर येऊ शकतं. चार-गिअरच्या गाडीत क्लच झटक्यात सोडणाऱ्याने जुने शाफ्ट ठेवूच नयेत. नवे, ३० स्प्लाइनचे, चांगल्या पोलादाचे घ्या. पाव मैल १०.९९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर धावणाऱ्या गाडीला एनएचआरए सी-क्लिपच्या जागी दुसरी पकड सक्तीने मागते. बोल्टने बसणाऱ्या किटमधून रस्त्यावर तेल गळू शकतं. अ‍ॅक्सलची टोकं कापून फोर्ड ९ इंची पद्धतीची वेल्ड करून घेणं महाग, पण पक्कं. माझा सल्ला, युनिट जरा साधं घेतलं तरी चालेल, शाफ्टवर पैसे वाचवू नका.

बसवणाऱ्याला दोन गोष्टी विचारा. बॅकलॅश किती ठेवणार, आणि दातांवर रंग लावून ठसा बघणार का? 'बघायची गरज नाही' असं उत्तर आलं, तर दुसरा माणूस शोधा.

आणि एक, अगदी गंभीरपणे. लिमिटेड-स्लिप बसवल्यावर एकच चाक जॅकवर उचलून इंजिन गिअरमध्ये कधीही चालवू नका. जमिनीवरचं चाक ओढ घेईल आणि गाडी जॅकवरून खाली येईल. हे टायर बदलणाऱ्या पोरालाही सांगून ठेवा. चाचणी करायची तर इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, दोन्ही मागची चाकं भक्कम स्टँडवर, पुढच्या चाकांना अडसर. एक चाक हाताने फिरवा. दुसरं उलट फिरलं तर बहुधा ओपन, त्याच दिशेने फिरलं तर क्लचवालं किंवा लॉकर. ट्रूट्रॅक मात्र इथे फसवतं, हाताने फिरवल्यावर ते ओपनसारखंच वागू शकतं. म्हणून जुनी गाडी घेताना विकणारा 'आत ट्रूट्रॅक आहे' म्हणाला, तर झाकण उघडून दाखवायला सांगा.

क्लचवालं घेणाऱ्यांसाठी शेवटचं. पहिल्या दिवशी रिकाम्या पार्किंगमध्ये हळूहळू इंग्रजी आठचे आकडे काढा, दोन्ही बाजूंनी, म्हणजे तेल प्लेटांमध्ये मुरतं. धूर काढायचा कार्यक्रम त्यानंतर.