पहिल्या पैशाची मुदत

नव्या उद्योगाच्या आयुष्यात प्रारंभी एक काळ असा येतो की खर्च रोज होत असतो आणि विक्रीला मात्र अजून सुरुवात झालेली नसते. वस्तूचा नमुना तयार करणे, तो फसला तर पुन्हा करणे, परवाने मिळवणे, जागेचे भाडे आणि पहिल्या दोन-तीन माणसांचे पगार भागवणे ही सारी कामे याच काळात उरकावी लागतात, आणि त्यांसाठी लागणाऱ्या पैशाला बीजभांडवल असे म्हणतात. त्याविषयीची चर्चा बहुधा रकमेपाशीच थांबते. वस्तुतः पैसा किती आहे यापेक्षा तो किती काळ थांबायला तयार आहे, हा प्रश्न अधिक मूलभूत आहे.

हा पहिला पैसा बहुतेकदा घरातून, सोनेतारणातून किंवा भिशीतून येतो. ठरावीक मंडळींनी दरमहा सारखी रक्कम जमा करायची आणि ती आळीपाळीने वा चिठ्ठी टाकून एकेकाने उचलायची, ही भिशीची रीत बहुतेक श्रोत्यांच्या परिचयाची असेल. तिला तारण लागत नाही, ओळख पुरते. परंतु भिशी उचलणाऱ्याचा हप्ता पुढच्याच महिन्यात उभा राहतो, म्हणून ज्या धंद्यात आज घातलेला पैसा आठवडाभरात परत हाती येतो, त्यालाच ती मानवते. 1959 साली मुंबईत गिरगावातील सात महिलांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला आणि त्यातून लिज्जत पापडाची संस्था उभी राहिली. या घटनेचे कौतुक नेहमी त्या रकमेच्या लहानपणाबद्दल होते, पण तिचे खरे मर्म वेगळे आहे: पापड लाटला, वाळवला आणि विकला की भांडवल मोकळे होते, त्यामुळे उसनवारीचा पैसा तेथे पुरला.

काचेच्या कारखान्याचे तसे नसते. भट्टी बांधावी लागते, ती अखंड पेटती ठेवावी लागते आणि फुंकणीवर हात बसलेले कारागीर तयार होईपर्यंत पुष्कळ माल फुटतच राहतो. ही अडचण महाराष्ट्रात शतकापूर्वीच पैसा फंडाने आपल्या परीने सोडवली होती. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्या निधीतून स्वदेशी उद्योग उभारावेत, ही कल्पना अंताजी दामोदर काळे यांची. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले आणि 1908 साली तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. त्या काळी रुपयाचे 64 पैसे होत असल्यामुळे या दराने एक लाख रुपये जमवायचे तर 64 लाख माणसांपर्यंत पोहोचणे भाग होते. हिशेबाच्या दृष्टीने ही योजना जवळजवळ अव्यवहार्यच होती, असे म्हणावे लागते. तथापि एक पैसा देणारा माणूस तो परत मागायला येत नाही, आणि म्हणूनच जपानमध्ये काचविद्या शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांना माल काढण्याबरोबरच माणसे शिकवण्याचेही काम तेथे करता आले. व्याजाच्या पैशाला शिकाऊ कामगाराने फोडलेली काच परवडत नाही.

आजच्या व्यवस्थेत ही दोन टोके निरनिराळ्या नावांनी वावरतात. 2015 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेतील ‘शिशु’ गटात 50,000 रुपयांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय मिळते. ते शिवणकाम, खानावळ, दुरुस्तीचे दुकान अशा लवकर पैसे फिरणाऱ्या व्यवसायांना सोयीचे आहे. दुसऱ्या टोकाला एंजल गुंतवणूकदार, म्हणजे स्वतःची संपत्ती नव्या कंपनीत घालून बदल्यात तिचे समभाग घेणारी व्यक्ती, उभी असते. हा शब्द न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरील नाटकांना पैसा पुरवणाऱ्या धनिकांवरून रूढ झाला; त्याचे ‘देवदूत’ असे भाषांतर करणे मात्र दिशाभूल करणारे ठरते, कारण हप्ता न मागणारा हा पैसा मालकी मागतो. 25 लाख रुपयांसाठी 20 टक्के हिस्सा दिला, तर गुंतवणुकीनंतर कंपनीचे मूल्य सव्वा कोटी रुपये धरले गेले असा त्याचा अर्थ होतो, आणि विक्री सुरू होण्यापूर्वी हा आकडा अंदाजापलीकडे फारसा काही नसतो.

या अंदाजाचा वाद पुढे ढकलण्यासाठी परिवर्तनीय ऋणपत्र वापरतात. ते आरंभी कर्ज असते आणि पुढे ठरलेल्या अटींनुसार समभागांत रूपांतरित होऊ शकते. 2021 साली 945 कोटी रुपयांच्या तरतुदीने आलेल्या केंद्र सरकारच्या स्टार्टअप इंडिया बीजनिधी योजनेत हे साधन स्वीकारलेले आहे: कल्पना प्रत्यक्षात उतरते हे सिद्ध करण्यासाठी 20 लाख रुपयांपर्यंतचे अनुदान, आणि बाजारात उतरण्यासाठी परिवर्तनीय ऋणपत्रे किंवा कर्ज यांच्या रूपाने 50 लाख रुपयांपर्यंतची रक्कम. ही विभागणी शहाणपणाची आहे, कारण प्रयोग फसण्याची शक्यता जेथे सर्वाधिक तेथे परतफेडीची अट नाही. अनुदान मात्र एकरकमी न मिळता कामाचे टप्पे पूर्ण होतील तसे मिळते, आणि निवड करण्याचे व पैसे देण्याचे काम इन्क्युबेटरकडे, म्हणजे नवोद्योगांना जागा, सल्ला व साधने पुरवणाऱ्या केंद्राकडे सोपवलेले आहे. तळेगावात भट्टीला किती अवधी द्यावा हे ठरवताना काचेचा जाणकार भट्टीपाशीच हजर होता. या केंद्रांच्या समित्यांवर त्या त्या धंद्याची जाण असलेली माणसे किती आहेत, यावर तेथे आखल्या जाणाऱ्या टप्प्यांचा खरेपणा अवलंबून आहे.