चेतेवाचून स्नायू



सुवर्णमहोत्सवाच्या सोहळ्यात शरीरशास्त्राचा विषय किंचित रुक्ष वाटेल. परंतु तो आपल्याच हातापायांचा आहे.

स्नायू आकुंचन पावतो तेव्हा एटीपी नावाचे द्रव्य खर्ची पडते. ते पुन्हा घडविण्याचे मुख्य मार्ग दोन. शर्करेचे प्राणवायूवाचून विघटन हा त्वरित, पण अल्पकाळ पुरणारा; तंतुकणिकांमध्ये प्राणवायूच्या साहाय्याने होणारे ज्वलन हा संथ, पण चिवट. दोन्ही मार्गांवरील प्रत्येक टप्पा विशिष्ट एन्झाइमांच्या स्वाधीन असतो. झेप घेणारे स्नायू पहिल्या मार्गावर, तर शरीर तोलून धरणारे दुसऱ्यावर अधिक विसंबतात.

हा स्वभाव स्नायूचा उपजत असावा, असे वाटते. परंतु १९६० मध्ये ब्युलर आणि एकल्स पितापुत्रींनी मांजरांच्या पायांतील जलद व मंद स्नायूंच्या चेता अदलाबदल करून जोडल्या, तेव्हा मंद स्नायू चपळ झाला आणि चपळ स्नायू मंदावला. स्वभाव घडवीत होती ती चेता!

मग चेताच तुटली तर? रक्त पोचते, अन्न पोचते. तरीही सक्सिनेट डिहायड्रोजनेजसारखी ज्वलनाची एन्झाइमे घटू लागतात. जलद स्नायूत ग्लायकोजेन फोडणारे फॉस्फोरिलेजही उतरते. दोन जातींतील भेद पुसट होतो आणि स्नायू झिजतो. कारण आज्ञाच येत नाही.

कुष्ठरोगात कोपराजवळील अल्नर चेता दुखावते, तेव्हा हातातील लहान स्नायूंची हीच गत होऊन बोटे वाकडी होतात. वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस, चेता शाबूत असलेल्या स्नायूंचे कंडरे अशा बोटांकडे वळवून हात पुन्हा कामाला लावले. मृतप्राय स्नायूला जागविण्याऐवजी त्याचे काम जागत्या स्नायूवर सोपविले.

तुटलेली चेता अनुकूल स्थितीत दिवसाला सुमारे १ मिलिमीटर वाढते. कोपरापासून पंजापर्यंतचे ३० सेंटिमीटर गाठायला १० महिने लागतात. तोवर स्नायूची जागा तंतू व चरबी घेऊ लागतात. म्हणून वेळ हेच औषध.

कातडीवरचा बधिर डाग किंवा दुबळी होत चाललेली करंगळी लाजेने लपवू नका. कुष्ठरोगावरील बहुविध औषधोपचार सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतो. आपल्या घरी, शेजारी, घरकामाला येणाऱ्या बाईंच्या हातावर असे काही दिसले, तर त्यांना दूर लोटू नका. दवाखान्यात घेऊन जा. एक हात वाचेल.