मालकी नेमकी कोणत्या क्षणी बदलते?



 हिंगोली जिल्ह्यातील वकील, दस्तलेखक आणि मुद्रांक विक्रेत्यांच्या परिषदेतील अध्यक्षीय भाषणात संघटनेच्या मागण्यांचा आढावा घेण्याची प्रथा आहे. त्या मागण्या ठरावांत आल्या आहेत आणि प्रत्येक ठरावाला माझा पाठिंबा आहे. म्हणून माझा वेळ मी एका वेगळ्या प्रश्नाला देतो. आपल्या भागातली माणसे आता परदेशात घरे घेऊ लागली आहेत. त्या घराची मालकी त्यांच्या नावावर येते कशी, आणि ती आली आहे की नाही हे इथे राहिलेल्या आई-वडिलांना कळावे कसे?

हा प्रश्न हिंगोलीत कशाला, असे कोणाला वाटेल. पण वसमतच्या हळदीवर आणि कळमनुरी-सेनगावच्या कापूस-सोयाबीनवर शिकलेली मुले पुण्याला गेली, तिथून दुबईला, लंडनला, अमेरिकेला गेली. त्यांच्या घरांचे कागद आज वडिलांच्या पिशवीतून आपल्या टेबलावर येतात. "वकील साहेब, पोराच्या नावावर झालं का हो हे?" एवढेच वडील विचारतात. आपण इंग्रजी मजकूर वाचतो, रक्कम आणि सह्या पाहतो आणि "झालेलं दिसतंय" म्हणतो. हे उत्तर द्यायला आपण अजून तयार नाही, असे माझे मत आहे.

खरे तर आपल्या आजोबा-पणजोबांना दोन राज्यांचे कायदे सांभाळण्याची सवय होती. पैनगंगेच्या उत्तरेला वऱ्हाड. तिथला कारभार 1853पासून इंग्रजांकडे. दक्षिणेला आपण, निजामाच्या हैदराबाद संस्थानात. उमरखेडची मुलगी कळमनुरीत नांदायला यायची, पुसदच्या सावकाराचे पैसे इकडच्या शेतकऱ्याकडे असायचे. पण तिकडे कलदार रुपया आणि इकडे हाली सिक्का. स्टॅम्प वेगळे, कचेऱ्या वेगळ्या, आणि इकडचे दप्तर उर्दूत. जमीन ज्या काठावर, त्या काठाचा कायदा, हे व्यवहार करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते. 17 सप्टेंबर 1948ला संस्थान भारतात विलीन झाले, 1 नोव्हेंबर 1956ला मराठवाडा मुंबई राज्यात आला. तरी आजही आपल्याकडे शेतजमिनीचा व्यवहार तपासताना हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम 1950 उघडावा लागतो, खासरा पत्रक काढावे लागते, इनाम जमीन असेल तर मुंतखब शोधावा लागतो. राज्य गेले, पण जमिनीवरचा त्याचा कायदा मागे राहिला. हे आपल्या जिल्ह्यातल्या वकिलाला जितके नीट समजते, तितके मुंबईच्या वकिलाला समजत नाही. परदेशातल्या घराचा प्रश्न हाताळायला हीच समज कामाला येते.

जमीन जिथे, कायदा तिथला. हे तत्त्व जगभर चालते. त्यामुळे पहिला प्रश्न ठरतो: त्या देशात मालकी नेमक्या कोणत्या क्षणी बदलते?

आधी आपले घर पाहू, कारण गोंधळ इथूनच सोबत जातो. आपल्याकडे इसार पावती होते, साठेखत होते, ताबा दिला जातो, खरेदीखत नोंदले जाते आणि शेवटी फेरफार होऊन सातबाऱ्यावर नाव चढते. यांपैकी मालकी कशाने जाते? मालमत्ता हस्तांतरण अधिनियम 1882चे कलम 54 सांगते की शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते, आणि साठेखताने त्या मिळकतीत कोणताही हक्क निर्माण होत नाही. नोंदणी अधिनियमाचे कलम 47 आणखी एक गोष्ट सांगते. दस्त एकदा नोंदला गेला की तो सही झाल्या दिवसापासून लागू समजायचा. आणि फेरफार? ती महसुलाची नोंद. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे ती उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, पण ती मालकी देत नाही. तरीही गावात आजही "सातबारा माझ्या नावावर आहे" हाच शेवटचा पुरावा मानतात, आणि बॉण्डवर लिहून ताबा घेतलेली माणसे वीस-वीस वर्षे स्वतःला मालक समजतात. मुखत्यारपत्रावर घरे विकण्याचा प्रकार सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली सूरज लॅम्प प्रकरणात अमान्य केला. मुखत्यारपत्राने, साठेखताने किंवा मृत्युपत्राने विक्री होत नाही, असे त्या निकालात स्पष्ट सांगितले आहे. ही समजूत घरातच पक्की नसेल, तर मुलगा तीच ढिलाई घेऊन परदेशी बिल्डरसमोर बसतो.

आता बाहेर पाहू. इंग्लंडमध्ये घर ठरले की आधी दोन्ही बाजूंच्या करारांची अदलाबदल होते. तेव्हा साधारण दहा टक्के रक्कम भरली जाते आणि दोघेही बांधले जातात. पुढे ठरल्या दिवशी पैसे पोचतात, किल्ल्या मिळतात. पण 2002च्या कायद्याप्रमाणे नोंदलेल्या मिळकतीची कायदेशीर मालकी भूमी नोंदणी कार्यालयाच्या पुस्तकात नाव आल्यावरच बदलते, आणि त्या पुस्तकाच्या खरेपणाची हमी सरकार घेते. चूक निघाली तर भरपाई मिळते. आपल्या सातबाऱ्याला अशी हमी नाही. हा मूलभूत फरक आहे. जर्मनीत करार नोटरीसमोरच व्हावा लागतो आणि मालकी जमीनपुस्तकातल्या नोंदीने जाते. अमेरिकेत याच्या उलट. दस्त देणाऱ्याने दिला, घेणाऱ्याने घेतला, की त्या दोघांपुरती मालकी बदलली. काउंटीत नोंद करायची ती तिसऱ्या माणसापासून संरक्षणासाठी. तिथे सरकार हमी देत नाही, म्हणून लोक मालकीहक्काचा विमा उतरवतात. मॉरिशसमध्ये आपली मराठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. तिथे फ्रेंच वळणाचा कायदा आहे, दस्त नोटरीकडेच होतो, आणि परदेशी नागरिकाला 1975च्या कायद्याप्रमाणे आधी परवानगी लागते. कोकणातून इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायली कुटुंबांनी तिथे घरे घेतली, पण त्या देशातली सुमारे 93 टक्के जमीन सार्वजनिक मालकीची आहे. घर घेतले म्हणजे बहुधा दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा घेतला. आणि काही देशांनी दरवाजाच ओढून घेतला आहे. कॅनडाने 1 जानेवारी 2023पासून परदेशी व्यक्तींना घरे विकायला मनाई केली, ऑस्ट्रेलियाने 1 एप्रिल 2025पासून दोन वर्षांसाठी जुनी घरे विकत घेण्यावर बंदी घातली.

आपल्या जिल्ह्याला सर्वांत जवळचे मात्र दुबई. पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत तिथल्या इमारतींची प्रदर्शने भरतात, तिथेच बुकिंगचे पैसे घेतले जातात. म्हणून दुबईची रीत जरा सविस्तर सांगतो. 2006च्या सातव्या क्रमांकाच्या कायद्याने तिथल्या भूमी विभागाचे नोंदणीपुस्तक सर्वोच्च केले. त्यात नोंदला न गेलेला व्यवहार परिणामशून्य. परदेशी माणसाला पूर्ण मालकी मिळते ती ठरवून दिलेल्या भागांतच. बांधकाम चालू असलेल्या इमारतीतला फ्लॅट असेल तर 2008च्या कायद्याप्रमाणे त्याची वेगळ्या तात्पुरत्या पुस्तकात नोंद व्हावी लागते. ती नसेल तर विक्री रद्दबातल. 2007च्या कायद्याने ग्राहकाचे पैसे प्रकल्पाच्या स्वतंत्र राखीव खात्यातच जमा व्हावेत असे ठरवले. भूमी विभागाचे हस्तांतरण शुल्क किमतीच्या चार टक्के. तेव्हा वडील कागद घेऊन आले की आपण तीन गोष्टी विचारल्या पाहिजेत: ही बिल्डरची पावती आहे की भूमी विभागाची नोंद? पैसे कोणत्या खात्यात गेले? तो भाग परदेशी मालकीसाठी खुला आहे का? या प्रश्नांना अरबी यावी लागत नाही.

पैसे पाठवण्याबद्दल थोडक्यात. भारतात राहणाऱ्या माणसाला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, आणि ते अधिकृत बँकेतूनच. ओळखीच्या माणसाकडे इथे रोख द्यायची आणि तिकडे दिऱ्हम घ्यायचे, ही वाट बेकायदा आहे. ती सुचवणाऱ्याला आपल्या कार्यालयात बसू देऊ नका. परदेशातले घर इथल्या रहिवाशाने विवरणपत्रात दाखवलेच पाहिजे, नाहीतर 2015चा काळ्या पैशाविरुद्धचा कायदा लागतो.

मला सर्वाधिक काळजी वाटते ती वाटणीची. सेनगावला शेत, हिंगोलीत प्लॉट, पुण्यात फ्लॅट आणि दुबईत थोरल्याचे घर, अशी मिळकत असलेली कुटुंबे आता आहेत. बाप गेला की भाऊ एकत्र बसतात आणि आपल्याला सांगतात, एकच वाटणीपत्र करा. आपण चारही मिळकती चतुःसीमांसह लिहून टाकतो. पण त्या परदेशी घरावर आपल्या वाटणीपत्राचा अंमल चालत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 16 भारतातल्या स्थावरासाठी आहे. तिकडच्या घराच्या मालकीचा निवाडा हिंगोलीचे न्यायालय करू शकत नाही. त्या घराचे वारस तिथल्या कायद्याने, तिथल्या कागदांनी ठरतात. दुबईच्या आंतरराष्ट्रीय वित्त केंद्रात 2015पासून मुस्लिमेतरांना मृत्युपत्र नोंदवण्याची सोय आहे. ही एक गोष्ट घर घेतानाच सांगितली, तर मागे राहिलेल्या पत्नीची फरफट टळते. ती बाई नवऱ्याचा मृत्यूदाखला आणि वारस प्रमाणपत्र घेऊन कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत असते, तेव्हा तिला उत्तर देणारा माणूस या जिल्ह्यात असलाच पाहिजे, असे मला तीव्रतेने वाटते.

उलट दिशेचा प्रश्नही तितकाच आपला आहे. परदेशात स्थायिक झालेल्या मुलाला इथली शेतजमीन वारसाने मिळू शकते, त्याची वारसनोंद होते. पण परकीय चलन कायद्याप्रमाणे तो ती विकत घेऊ शकत नाही, आणि वडील हयातीत बक्षीसपत्राने देऊही शकत नाहीत. वारसाने आलेली जमीन विकायची तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच, आणि आपल्याकडे तो शेतकरी हवा. अशी बक्षीसपत्रे "पोराच्या नावावर आताच करून टाकू" म्हणून आपल्याकडे लिहायला येतात. ती लिहू नयेत. मृत्युपत्र करा, असे सांगावे. मुलगा तिकडून मुखत्यारपत्र पाठवतो, तेव्हा ते तिथल्या नोटरीसमोर किंवा भारतीय वकिलातीत केलेले असावे, आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरले जावे. बाहेर सही झालेला दस्त इथे पोचल्यापासून चार महिन्यांत नोंदणीला सादर करता येतो. मुखत्यारपत्र देणारा वारला की ते तिथेच संपते, हेही चुलत्या-मालत्यांना स्पष्ट सांगावे. ते सांगण्याचा संकोच पुढे कुटुंबे तोडतो.

परिषदेला माझ्या दोन सूचना आहेत. ज्या देशांत आपली मुले राहतात, त्यांतल्या प्रत्येक देशासाठी एका पानाची मराठी टिपणी तयार करावी. मालकी कशाने बदलते, कोणत्या पुस्तकात पाहायची, परदेशी माणसावर बंधने काय, मालक वारल्यास काय करायचे, एवढेच त्यात असावे. दर वर्षी ती तपासून बदलावी, कारण हे नियम पटापट बदलतात, आणि आज मी सांगितलेलेही त्यातून सुटणार नाहीत. दुसरे असे की पाचही तालुक्यांत एक-एक वकील आणि एक-एक दस्तलेखक या कामासाठी ठरवावा, आणि पहिल्या भेटीचे शुल्क कोणी घेऊ नये. या सूचनांवरची चर्चा जेवणानंतरच्या सत्रात ठेवली आहे. वसमतच्या प्रतिनिधींनी ती सुरू करावी, अशी मी त्यांना विनंती करतो.