चिठ्ठीवरचे पुस्तक

(ग्रंथालय कार्यकर्त्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



औषधाची चिठ्ठी घेऊन माणूस औषधाच्या दुकानात जातो. वेल्समधील कार्डिफ शहरात मात्र २००३ मध्ये अशी चिठ्ठी ग्रंथालयात येऊ लागली. मानसोपचारासाठी प्रतीक्षा करणाऱ्यांची यादी लांबत चालली होती. तेव्हा नील फ्रूड या मानसशास्त्रज्ञाने निवडक पुस्तकांची यादी केली. सौम्य वा मध्यम नैराश्य, चिंता, भयगंड असलेल्या रुग्णास डॉक्टर त्यातील योग्य पुस्तक लिहून देत आणि सार्वजनिक ग्रंथालय ते उपलब्ध करी. पुढे ही योजना संपूर्ण वेल्समध्ये गेली. २०१३ मध्ये इंग्लंडनेही तशीच योजना स्वीकारली.

ही पुस्तके 'सात दिवसांत यशस्वी व्हा' या जातीची नव्हेत. डेव्हिड बर्न्स यांचे १९८० मधील 'फीलिंग गुड' पाहावे. ते वाचकाच्या हाती लेखणी देते. 'मुलाला नोकरी लागली नाही, म्हणजे माझे आयुष्य फुकट गेले' हा विचार कागदावर उतरवायचा, त्याला पुरावा काय ते तपासायचे आणि अधिक सत्य असा पर्यायी विचार शेजारी लिहायचा. हा अभ्यास नित्य करावा लागतो. नुसते वाचून व्यायाम होत नाही, तसेच हे.

मनाला समोर बसवून त्याच्याशी बोलण्याची रीत मराठी घराला परकी नाही. समर्थ रामदासांनी २०५ श्लोक मनालाच उद्देशून रचले. मात्र तेवढ्यावरून आधुनिक उपचारपद्धती आपल्याकडे पूर्वीपासूनच होती, असा दावा करणे उचित नव्हे. संस्कार मनाची मशागत करतो. आजाराला उपचारच हवा.

येथेच मोठी चूक होते. नैराश्य माणसाची एकाग्रताच हिरावून घेते. चार ओळी वाचणे ज्याला जड जाते, त्याच्यापुढे जाडजूड ग्रंथ ठेवून 'हे वाच, बरे वाटेल' असे म्हटले, तर न वाचल्याचा अपराधभाव तेवढा वाढतो. अमेरिकेत फॉरेस्ट स्कोगिन व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सौम्य व मध्यम नैराश्य असलेल्या वृद्धांना अशा पुस्तकांचा लाभ झाला. परंतु त्यांची दर आठवड्याला दूरध्वनीवरून विचारपूस होत असे, हे विसरता कामा नये. पुस्तकामागे माणूस उभा होता.

जीव देण्याचे विचार येत असतील, भास होत असतील, अन्न-झोप तुटली असेल, तर पुस्तक बाजूला ठेवून मनोविकारतज्ज्ञाकडेच गेले पाहिजे. २०२२ पासून शासनाची 'टेली-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

मग गावच्या वाचनालयाने काय करावे? स्थानिक डॉक्टरांकडून दहा-पंधरा पुस्तकांची यादी करून घ्यावी. ती स्वतंत्र 'मनोरुग्ण' पाटीखाली न ठेवता आरोग्यविषयक पुस्तकांतच ठेवावीत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, देवघेवीच्या खिडकीवर 'हे कोणासाठी?' असा प्रश्न विचारू नये आणि कोणी काय नेले याची चर्चा गावात होऊ देऊ नये. लहान गावात त्या एका प्रश्नाच्या भीतीने माणूस पायरीवरूनच परत फिरतो. पुस्तक परत आले की 'आणखी काही हवे का?' एवढेच आपुलकीने विचारावे. एखाद्याला बोलते करण्यास तेवढे शब्द पुरतात.