कर्नलची बदली



अध्यक्षाने आधी आभार मानायचे असतात. ते मानले असं समजा. जेवणाची वेळ जवळ आली आहे.

'कर्नल' हा शब्द मी घरी पहिल्यांदा उच्चारला तेव्हा वडिलांनी विचारलं, "कोणत्या पलटणीचा?" प्रोसेसर, मेमरी, डिस्क यांची वाटणी करणारा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, असं मी समजावलं. ते म्हणाले, "हुकूम त्याचाच ना? मग कर्नलच की." तर बाकीची छावणी जागच्या जागी ठेवून या कर्नलची बदली करता येईल का?

वरच्या अंगाने बऱ्यापैकी येते. प्रोग्राम कर्नलशी सिस्टिम कॉलमधून बोलतो: फाइल उघड, वाच, लिही. 1988 मध्ये पॉझिक्स या मानकाने या बोलण्याची रीत ठरवून दिली. आपला बिबी का मकबरा पाहा. घाट ताजमहालाचा, घुमट संगमरवरी. पण भिंतींचा संगमरवर खालच्या पट्ट्यापुरताच, वर गिलावा. तरी पाहुणा चुकत नाही, चार मिनार जिथल्या तिथे आहेत. मायक्रोसॉफ्टने 2016 मध्ये असाच गिलावा केला. लिनक्सचे सिस्टिम कॉल विंडोजच्या एनटी कर्नलकडून वठवून घेतले. फाइलींच्या कामात दम लागू लागला, काही कॉल जमेचनात; 2019 च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी खरा लिनक्स कर्नलच आत आणून बसवला.

डेबियनने तर सरळ बदलीच करून पाहिली. हे तेच डेबियन, ज्यावर सी-डॅकचं 'बॉस' उभं आहे. फेब्रुवारी 2011 च्या 'स्क्वीझ' आवृत्तीसोबत लिनक्सऐवजी फ्रीबीएसडीचा कर्नल दिला, वर नेहमीचीच पॅकेजं. चाललं. पण 2015 च्या 'जेसी'त तो अधिकृत यादीत उरला नाही.

खरी अडचण खालच्या अंगाला, यंत्राशी बोलणाऱ्या ड्रायव्हरपाशी. वाळूजच्या एका वर्कशॉपमध्ये तयार जॉब मोजणारं यंत्र आहे. शनिवारी संध्याकाळी मी मोठ्या उत्साहाने त्याच्या कॉम्प्युटरवर नवा कर्नल चढवला. सोमवारी पहिल्या पाळीला पडद्यावर 'इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट'. प्रत्येक ड्रायव्हर मॉड्यूलवर तो कोणत्या कर्नलसाठी बांधला त्याचा शिक्का असतो. शिक्का जुळेना, कर्नल आत घेईना. ड्रायव्हर बंद पेटीतला, सोर्स यंत्र विकणाऱ्याकडे, आणि तो फोन उचलेना. ऑपरेटरने निमूटपणे खिशातून व्हर्निअर काढला. दुपारी जुनी डिस्क परत लावली. तिथे अजून चिठ्ठी आहे: 'अपडेट करू नये.'

लिनक्सवाल्यांना दोष देऊ नका. वरच्या प्रोग्रामांना ते शब्द देतात आणि पाळतात. ड्रायव्हरना तसा शब्द त्यांनी मुद्दामच दिलेला नाही. आतली रचना बदलायची मोकळीक त्यांना हवी आहे. ड्रायव्हर त्यांच्या सोर्समध्ये असेल, तर बदल करणाराच तोही दुरुस्त करतो. बाहेर राहिला तो पोरका. मायक्रोकर्नलवाले म्हणतात, ड्रायव्हर गाभ्याबाहेरच ठेवा. 1992 पासून त्यांच्या बाजूचे टॅनेनबाउम आणि लिनक्सचे टॉर्व्हाल्ड्स यांचा वाद आपण चघळतो आहोत. मला अँड्रॉइडची व्यवहारी वाट पटते: एकेका दीर्घायुषी कर्नल शाखेपुरता ड्रायव्हरचा सांधा गोठवायचा. पण तिथे गूगल दटावायला आहे. वाळूज-शेंद्र्यात कोण दटावणार? गिऱ्हाईकच.

म्हणून उद्याच्या ठरावांत एक ओळ घाला: यंत्राची ऑर्डर देतानाच ड्रायव्हरचा सोर्स लेखी मागावा. सूचक मी. अनुमोदक शोधायला नको. त्या वर्कशॉपचे मालक तिसऱ्या रांगेत बसले आहेत.