गवत कापण्याचं यंत्र : विजेचं घ्यावं की पेट्रोलचं?
(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)



विठ्ठलवाडी स्टेशनच्या आसपास आता इमारतीच दिसतात. पण मलंगगडाच्या बाजूला थोडं पुढं गेलं, की भातखाचरं लागतात. लावणी आटोपली, की बघता बघता बांधावर गुडघाभर गवत होतं. त्यात उंदीर बिळं करतात, भातावरच्या किडींना आसरा मिळतो. पूर्वी विळा घेऊन घरची चार माणसं बसत. आता पोरं नोकरीवर, मजूर वेळेवर मिळत नाही. म्हणून "साहेब, खांद्याला अडकवायचं यंत्र कोणतं घेऊ?" असं पुष्कळ जण विचारतात. माझं उत्तर एकच. दुकानात जाण्याआधी आपलं गवत बघा, आणि घरापासून शेत किती लांब आहे ते बघा.

परसदार, गोठ्याभोवतीची जागा, भाजीच्या वाफ्यांच्या कडा एवढंच काम असेल, तर बॅटरीचं यंत्र सोयीचं. वजनाला हलकं, आवाज कमी, धूर नाही. ४० व्होल्टची, ४ ॲम्पियर-तासाची बॅटरी एकदा भरायला पाव युनिटसुद्धा वीज लागत नाही. मात्र जाड गवतात ती अर्ध्या-पाऊण तासात उतरते. शेत लांब असेल, तर दुसरी बॅटरी जवळ हवी, आणि तिची किंमत आधीच हिशेबात धरा. काही वर्षांनी बॅटरी बदलावी लागते, तो खर्चही विसरू नका.

वायर जोडून चालणारं यंत्र स्वस्त पडतं, पण ते कोरड्या अंगणापुरतंच. ओल्या गवतात वायर ओढत नेऊ नका. पातं वायरवर पडलं, तर जिवाशी गाठ आहे. वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच घरी बसवलेला नसेल, तर हे यंत्र घेऊच नका.

लांबचे बांध, वरकस जमीन, झुडपी रान असेल, तर पेट्रोलचं यंत्र घ्यावं. पेट्रोल संपलं की पुन्हा भरायचं आणि काम पुढं चालू. पण लिटरला शंभर रुपयांच्या वर भाव आहे, शिवाय वजन आणि हादरे जास्त. यात दोन प्रकार येतात. टू-स्ट्रोक यंत्रात पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं. लिटरला २० ते ४० मिलिलिटर, नेमकं किती ते यंत्राच्या पुस्तिकेत बघा. नुसतं पेट्रोल घातलंत, तर इंजिन जाम होईल. फोर-स्ट्रोकला मिसळणं नाही, पण इंजिनातलं ऑइल रोज तपासायचं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते ओल ओढून घेतं. म्हणून हंगाम संपला, की टाकी रिकामी करूनच यंत्र ठेवा.

कोवळ्या गवताला नायलॉनची दोरी लावा, जाड गवताला आणि झुडपांना लोखंडी पातं. दोरी संपली म्हणून तिच्या जागी तार कधीही बांधू नका. तुटलेला तुकडा गोळीसारखा उडतो. डोळ्यांना चष्मा आणि पायांत बूट हवेतच. माणसं-गुरं ५० फूट लांब ठेवा. सुरू करण्यापूर्वी काठीनं गवत हलवा, दगड आणि जनावर दोन्ही कळतात.

आता माझीच चूक सांगतो. माझ्या घरच्या वाडीत आंब्याच्या नव्या कलमांभोवती मी स्वतः दोरीचं यंत्र फिरवलं. बुंध्याशी स्वच्छ दिसावं म्हणून अगदी जवळ गेलो. कोवळी साल गोल सोलली गेली. पानांनी तयार केलेलं अन्न सालीतूनच मुळांकडे जातं. काही आठवड्यांनी दोन कलमं वाळली. दुसऱ्याला सल्ला देणारा मी, आणि वडिलांनी लावलेली कलमं माझ्याच हातून गेली. तेव्हा बुंध्याभोवती दोन फूट जागा विळ्यानंच साफ करा. बांधही तासून उघडा करू नका. दोन-तीन इंच गवत राहू द्या. त्याच्या मुळांनी माती धरलेली असते, नाहीतर पावसात बांध फुटतो.

यंत्रासाठी कृषी यांत्रिकीकरण योजनेतून अनुदान मिळू शकतं. महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करा. आधी खरेदी करून मग अर्ज करू नका. पूर्वसंमती हातात आल्यावरच यंत्र घ्या. आपलं यंत्र योजनेत बसतं का, ते तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारून घ्या. जमीन थोडी असेल, तर दोघा-तिघा शेजाऱ्यांनी मिळून एकच यंत्र घेतलं तरी भागतं.

थोडक्यात, घराजवळ बॅटरी, लांबच्या रानात पेट्रोल, आणि झाडाच्या बुंध्याशी आपला जुना विळा. एवढं लक्षात ठेवलंत, तर पैसाही वाचेल आणि झाडंही.