घारीने नेलेल्या पिल्लाचा हिशेब
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाच्या भावावर बोलणारे आज पुष्कळ आहेत. आम्ही कोंबडीवर बोलणार आहोत. हसू नका. कापसाचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि सोसायटी, दुकानदार यांच्यातच जिरतो. मीठमिरची, पोरांच्या वह्या, एस. टी. चे तिकीट ज्यातून निघते, तो पैसा परसात दाणे टिपत फिरत असतो आणि तो घरच्या बाईच्या हातचा असतो.

हिशेब मांडू. गावरान कोंबडी वर्षाला ५०-६० अंडी देते. त्यातली १०-१२ तिच्याखाली ठेवली की २१ दिवस ती खुडूक बसणार, मग दीड-दोन महिने पिल्ले हिंडवणार. तेवढ्या काळात एक अंडे मिळत नाही. दहातली सहा पिल्ले घारीने नेली, तर सहा पिल्ले गेलीच, वर कोंबडीची अडीच महिन्यांची मजुरीही बुडाली. ही तूट कोणाच्याच वहीत नसते.

घार केव्हा येते ते पाहा. थंडीच्या अखेरीस घारी घरटी बांधतात, उन्हाळ्यात त्यांची पिल्ले वाढतात. नेमकी तेव्हाच आपली ज्वारी निघालेली, पऱ्हाटी उपटलेली. तिकडे घरट्यात खाणारी तोंडे वाढली, इकडे शिवारात लपायला झुडूप उरले नाही. पेरणीला आपण नक्षत्र पाहतो. अंडी मात्र कोंबडी खुडूक झाली की बसवतो. जमेल तिथे दिवाळीच्या आगेमागे बसवा. पिल्ले निघतील तेव्हा तूर-कापूस उभा असतो. थंडीला आईचे पंख आहेत.

पहिले सहा आठवडे धोक्याचे. ऊन चढल्यापासून उतरेपर्यंत पिल्ले डालग्याखाली, सावलीत, वर दगड, आत कण्या आणि पाणी. सोडाल तेव्हा घरचे कोणी अंगणात असू द्या. एका कोपऱ्यात तुराट्यांचा गुडघ्याएवढा मांडव करा. कोंबडी शिरेल, घारीला झेप घेता येणार नाही. मांडव पऱ्हाटीचा नको. तिच्या वाळक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी राहते. कोंबडी राखायला जाल आणि पुढच्या हंगामाची बोंडे घालवाल.

शिक्रा मात्र वेगळा. तो उंचावर घिरट्या घालत नाही, झाडात दडून बसतो आणि खालून आडवा येतो. त्याला बाजूंनीही जाळी लागते. बुजगावणे चार दिवस चालते, मग पाखरू त्याच्याच डोक्यावर बसते. रोज जागा बदलत असाल तरच उभे करा. कोंबडी कापल्यावर आतडी उकिरड्यावर टाकू नका, पुरा. आपणच घारीला जेवायला बोलावतो आणि मग शिव्या देतो!

गावरान कोंबडी आभाळातल्या धोक्याला वेगळा आवाज काढते, जमिनीवरच्या धोक्याला वेगळा. पिल्ले ते ओळखतात. हैदराबादच्या संस्थेची वनराजा आपण यंत्रातली पिल्ले म्हणून आणतो. त्यांना आई नाही, इशारा देणारे कोणी नाही. ती सहा आठवडे बंदिस्तच वाढवावी लागतात.

आणि मोठी कोंबडी गेली तर घारीवर आळ घेऊ नका. घार स्वतःच किलोभर भरत नाही, ती दीड किलोची कोंबडी काय उचलणार? मुंगूस, रानमांजर, नाहीतर शेजारचे कुत्रे. खुराड्याचे दार तपासा.

विषाची गोष्ट कानावर येते. मेल्या पिल्लाला औषध लावून ठेवायचे, घार खाईल आणि मरेल. ते कुत्रे खाते, मांजर खाते, लहान मूल हात लावते. घार, शिक्रा मारणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हाही आहे. शिवाय ही पाखरे उंदीर खातात. ज्वारीच्या रानात उंदीर काय करतो ते आम्ही तुम्हांला सांगायला नको.

घार डोळ्यांना दिसते म्हणून तिचे नाव होते. मानमोडी आली की अख्खे खुराडे एका आठवड्यात रिकामे होते. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा थेंब डोळ्यात घालायचा. कुपी बर्फात आणावी लागते आणि एक कुपी शंभर पिल्लांना पुरते. दहा पिल्लांसाठी एकटी बाई तालुक्याला जात नाही. आळीतल्या आठ-दहा घरांनी एकाच आठवड्यात अंडी बसवली, तर कुपी एक लागेल, आणि दुपारी पिल्लांवर नजर ठेवायची पाळीही वाटून घेता येईल.